शेवंताकाकूंची रेघ

विजू,

तुझ्या थोरल्या भावाचा फोन आला तेव्हा तुला जाऊन आठ दिवस झाले होते आणि मी कुकर लावत होते. अण्णा बोलण्यात कधी लांबण लावत नाहीत, तुला माहीतच आहे. "मॅडम, त्यो वाडीचा नकाशा तुमच्याकडंच हाय ना? आन् त्या वह्या बी? तेराव्याला येताना घिऊन या." मी "हो" म्हटलं. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. किती शिट्या झाल्या ते समजलंच नाही, वरणाचा लगदा झाला, आणि तोच मी जेवले.

माणूस गेलं की लोक आधी रडतात. मीही रडले, पण नंतर. तुझी बातमी कळली तेव्हा आधी रडू आलं नाही. आता हे कायमचं राहून गेलं, हा पहिला विचार मनात आला. तू गेलीस हा दुसरा. हा क्रम मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तुलाच सांगते आहे, कारण तू तरी "अगं बाई, तू म्हणजे अगदीच" म्हणून हसली असतीस.

आपण दोघी एकाच कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होतो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो, आणि इतक्या वर्षांत आपलं एकदाही एकमत झालं नाही. तू ताम्हिणीकडच्या वाडीवरची, चिखलात पाय रोवून वाढलेली. मी पुण्याच्या पेठेतली. भात वाण्याकडे पिकतो अशी माझी बरीच वर्षं समजूत. शिवाय भित्री. लिफ्ट बंद पडेल म्हणून महाळुंग्याच्या आमच्या इमारतीत सहा मजले चढून जाणारी मी एकटीच. तू पहिल्याच महिन्यात माझं नाव 'भागूबाई' ठेवलंस आणि स्टाफरूममधल्या शिपायापर्यंत ते पोचवलंस. मला राग यायचा, पण ताम्हिणीच्या धुक्यातून तुझ्या स्कूटरवर मागे बसून जाताना डोळे घट्ट मिटलेले असायचे, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

सिद्धांतसुद्धा मी भीतीपोटीच निवडला, असं तुझं म्हणणं. मला प्रकार्यवाद आवडायचा. समाज शरीरासारखा असतो, प्रत्येक रीत आणि प्रत्येक संस्था काही ना काही काम करत असते, म्हणून तो उभा राहतो, एक बाजू दुखावली तर दुसरी सावरून घेते. हे शिकवताना मला फार बरं वाटायचं. तू दारात उभी राहून ऐकायचीस आणि बाहेर आल्यावर म्हणायचीस, "मंजे, तू सिद्धांत नाही घेतलास, गोधडी घेतलीस." तुझा सगळा जोर संघर्षवादावर. काहीही टिकतं म्हणजे ते कुणीतरी टिकवतं, त्यात कुणाचातरी फायदा असतो, आणि ते कुणाच्यातरी पाठीवर उभं असतं. ती पाठ कुणाची, एवढंच विचारायला आपण पगार घेतो, असं तू मुलांना सांगायचीस. प्राचार्यांना हे वाक्य आवडलं नव्हतं. मला तर ते ऐकूनच घाम फुटला होता.

आणि तिसरा, प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. मुलं नावालाच दचकायची. माणसं एकमेकांच्या बोलण्याला, नजरेला, गप्प बसण्याला जो अर्थ लावतात, त्या अर्थांतून समाज रोज नव्याने घडतो, एवढाच त्याचा मतलब. आपण दोघींनी त्याला कधी फारसं जवळ केलं नाही. परीक्षेत एक टीप येते म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकायचो. पण अखेर त्यानेच आपल्याला गाठलं.

तुझा तो तास मला अजून दिसतो. फळ्यावर तू एक चौकोन काढलास आणि म्हणालीस, हे भाताचं खाचर. लावणी चालू आहे. वाडीतली दहा माणसं ओळीत वाकलेली आहेत. आज ती याच्या खाचरात, उद्या त्याच्या, आणि कुणी कुणाला मजुरी देत नाही. याला आमच्याकडे सावड म्हणतात. आता मंजूमॅडम आल्या तर म्हणतील, बघा, किती छान व्यवस्था, एकट्याने न होणारं काम सगळ्यांनी मिळून झालं. मी म्हणेन, थांबा, त्या दहांत चिखलात वाकलेल्या बाया किती आणि बांधावर छत्री घेऊन उभे असलेले बापे किती? ताम्हिणीची एक मुलगी मागून म्हणाली, "मॅडम, आन् तिसरं?" तू खडू हातात घेऊन जरा थांबलीस. मग म्हणालीस, "तिसरं म्हणजे, कुणी कुणाला 'या की' म्हटलं, आणि कसं म्हटलं." मी खिडकीशी उभी होते. मला तेव्हाच तुझा हेवा वाटला.

त्या तासातूनच नकाशाचं खूळ निघालं. तुझ्या वाडीतलं प्रत्येक घर सावडीला कुणाकडे जातं, हे विचारायचं आणि कागदावर काढायचं. घर म्हणजे चौकोन, जाणंयेणं म्हणजे रेघ. तू नोकरीला लागल्यापासून लावणीच्या दिवसांत वाडीवर गेलीच नव्हतीस, कारण आपल्याकडे नेमके तेव्हाच प्रवेश. त्यामुळे तुलाही नीट ठाऊक नव्हतं. दोन उन्हाळे आपण वह्या घेऊन उंबरे झिजवले. स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही, असं शास्त्र. म्हणून तुझं घर आणि त्याच्या मागचं शेवंताकाकूंचं घर माझ्या वाट्याला आलं.

शेवंताकाकूंना नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन लहानशी खाचरं. मी विचारलं, सावडीला कुणाकडे जाता? त्या म्हणाल्या, "इजूच्या आईकडं." आणखी? "आणि कुणाकडं? एकटीला कोन सावडीत घेतंय? त्यांची चार यायची आन् माझं एकच मानूस मिळणार, त्यापरीस नको म्हणत्यात. मी पहाटंच जाती, रोप उपटून जुड्या बांधून ठेवती, बाकीच्या यायच्या आत माझ्या खाचरात." मी ते लिहून घेतलं. मग तुझ्या आईला विचारलं. तिने बोटांवर पाच घरं मोजून सांगितली. त्यांत शेवंताकाकू नव्हत्या.

आता तो नियम. तो माझा होता, विजू, तुझा नव्हे. दोन्ही घरांनी एकमेकांचं नाव घेतलं तरच रेघ काढायची. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर सोडून द्यायचं. तू कुरकुरली होतीस. मी म्हटलं, नाहीतर कागदावर नुसता गुंता होईल, आणि मला गुंता सहन होत नाही. तू "बरं बाई" म्हणालीस. मी माझ्या जेवणाच्या टेबलावर चार कार्डशीट चिकटवून रेघा काढत बसले, आणि सगळं काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की शेवंताकाकूंचा चौकोन नुसताच राहिला आहे.

मी वही उघडून पाहिली. कारण समोर होतं. तुला फोन करायचा होता, नंबरही काढला. पण काय सांगणार? की तुझ्या आईने त्या बाईचं नाव घेतलं नाही? तू आईला तिथल्या तिथे धारेवर धरलं असतंस, आणि माझ्या नियमालाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, वाडी देवळात जमणार होती. मी नकाशा गुंडाळला. एका चौकोनाकडे कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं.

तू बघितलंस. मारुतीच्या सभामंडपात नकाशा भिंतीला लावला, लोक आपापली घरं शोधून हसत होते, कुणी "आमच्या घराला लई रेघा" म्हणून मिरवत होतं, आणि तुझं बोट त्या चौकोनाशी येऊन थांबलं. तुझा आवाज चढला की मला पळून जावंसं वाटतं. तू म्हणालीस, "हे घर बघा. एक रेघ नाही. भांडण नाही, तंटा नाही, कुणी काही बोललं नाही, आणि वाडीनं एका बाईला गुपचूप वाळीत टाकलं. लाज वाटायला पाहिजे आपल्याला." बायकांच्या घोळक्यातून शेवंताकाकू उठल्या, लुगडं झटकलं, पायरीवर चपला घातल्या आणि निघून गेल्या. त्यांनी जाताना माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे नव्हे, माझ्याकडे. मी हात वर करून दोन वाक्यं बोलले असते तर सगळं तिथेच निस्तरलं असतं. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

परत येताना तू गाडी चालवत म्हणालीस, "काकू दुखावल्या. चारचौघांत बोलायला नको होतं मी." मी "हं" म्हटलं. एवढंच.

त्या रविवारनंतर सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत मी तुझ्यासमोर रोज चहा प्यायले. वाडीवर तुला नावं ठेवतात हे मला उडत उडत कळत होतं. शिकली पण घरचं दिसेना, असं कुणीतरी म्हटल्याचं तूच एकदा हसत सांगितलंस, आणि मला तो चहा गिळवेना. तू मात्र दर वर्षी ऐन प्रवेशाच्या दिवसांत आठवडाभर रजा टाकायला लागलीस. "लावणीला जाते" म्हणायचीस. मी चिडायचे, सगळे अर्ज माझ्या गळ्यात पडायचे. आणि अधूनमधून कप बशीत ठेवून माझ्याकडे बघत विचारायचीस, "अजून काय?" मी म्हणायचे, "काही नाही." मला वाटायचं, तुझी सवय आहे ती. बोलणं संपलं की सगळेच तसं म्हणतात.

आपलं शेवटचं भांडण तुला आठवतं? तू आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात. तू म्हणालीस, एक चौथा सिद्धांत पाहिजे, भीतीचा. माणसं दुसऱ्याच्या मयताला का जातात? आपल्या मयताला कुणी येणार नाही या भीतीने. लग्नात का राबतात, पंगतीत का वाढतात? तेच. माझा इतका संताप झाला. मी म्हटलं, भीतीवर काही उभं राहत नाही, भीतीने माणूस नुसता कोपऱ्यात बसतो, हे मला विचार. तू हसली नाहीस. म्हणालीस, "तुलाच तर विचारतेय." तेवढ्यात घंटा झाली आणि तू तासाला गेलीस. पुढच्या सोमवारी तू आली नाहीस. तो वाद तिथेच आहे, आणि मी जिंकत होते असं मला अजून वाटतं.

तेराव्याला मी पौडपर्यंत एसटीने आणि पुढे वडापच्या जीपने आले. नकाशाची गुंडाळी मांडीवर आडवी, वह्या पिशवीत. जीपमधल्या बाईने विचारलं, "क्यालेंडर हाय व्हय?" मी हो म्हटलं. वाटेत दोनदा उतरून परत जावं असं मनात आलं. वाडीवाले काय करतील? नकाशा फाडतील? तुझ्या आईसमोर मला उभं करतील? आणि मी खरं बोलले तर तुझ्या तेराव्याच्या दिवशी तुझ्या आईची चूक चव्हाट्यावर आणल्यासारखं होणार. नाही बोलले तर तुझं नाव तसंच राहणार, घरचं न दिसणारी. दोन्हीकडून मलाच मार, आणि सोडवायला तू नाहीस.

तुमची खाचरं लावलेली होती. मला वाटलं होतं, सुतकात रोप जून होऊन गेलं असेल. अण्णा म्हणाले, "आमी कुटं लावतुया? वाडीनं लावून टाकलं दोन दिसात." माझ्यातला प्रकार्यवाद लगेच जागा झाला. बघ, म्हटलं, बघ विजू. आणि लगेच तुझा आवाज कानात आला, किती बाया वाकल्या आणि बांधावर कोण उभं होतं, ते विचारलंस का? विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर अण्णांनी मला देवळात नेलं. लोक आधीच बसले होते. नकाशा पुन्हा त्याच भिंतीला, त्याच खिळ्यांना लावला. तुझी आई खांबाला टेकून बसली होती, इतकीशी दिसत होती. शेवंताकाकू नकाशाच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, माझं घर कुटलं त्ये दावा."

मी दाखवलं.

"आन् इजूच्या आईचं?"

मी तेही दाखवलं. दोन चौकोनांत वीतभर अंतर होतं.

"मंग ह्या दोन्हींच्या मधी काईच कसं न्हाई? तुमी मला इचारलं व्हतं. मी सांगितलं व्हतं."

विजू, मी बोलले. तुला वाटेल तसं धीटपणे नाही. माझा आवाज चिरकत होता, मधेच मी "म्हणजे तसं नाही" असं काहीतरी म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण सांगितलं. काकूंनी नाव घेतलं होतं, विजूच्या आईंनी घेतलं नव्हतं, नियम माझा होता, रेघ मी काढली नाही, विजूला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ती इथे बोलली तेव्हा मी गप्प बसले. सहा वर्षं गप्प बसले.

मग तुझी आई बोलली, अगदी हळू. "मी नाव घेतलं न्हवतं?"

"नाही, आई."

"का घेतलं न्हाई म्हणं मी?" ती जणू स्वतःलाच विचारत होती. "आगं शेवंते, तू तर येतीसच की. येतीच, तिचं काय नाव घ्यायाचं?"

"आन् मी तुजं एकटीचंच घेतलं व्हतं," काकू म्हणाल्या. रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी खाली बघत उभी होते. अण्णा म्हणाले, "मॅडम, यक चुकलं तुमचं. इजूला ठावं व्हतं."

मला वाटलं, ते मला सावरायला म्हणताहेत. "नाही हो अण्णा, मी तिला कधीच…"

"तुमी न्हाई, मी सांगितलं. त्याच दिशी, मॅडमास्नी सोडून घरी परत आली तवा. म्हणलं, काकू तर आपल्याकडं येत्यात की, तू आसं कसं बोललीस? तशीच उठली, काकूच्या पाया पडून आली. मंग मला म्हणली, मंजूला म्हाईत आसणार, वही तिच्याकडं हाय. मी म्हणलं, मंग इचार की तिला. तर न्हाई. म्हणली, लई भ्याती ती. मी इचारलं तर रडंल आन् माफी मागंल, पर ते मी काढून घेतल्यावानी व्हईल. तिची ती सांगंल. थांबू."

थांबू. विजू, तू सहा वर्षं थांबलीस.

काकू म्हणाल्या, "आमाला बी गप बसवलं तिनं. मातुर दर वर्साला लावणीला माझ्याकडं यायची. आमी दोघीच. सवय मोडल्याली, तिला वाकाया यायचं न्हाई, कंबर धरून बसायची बांधावर. मी म्हणायची, इजे, सांगितलं का गं तुझ्या बाईनं? तर म्हणायची, अजून न्हाई." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आवंदा न्हाई आली. म्हणलं, आता कोण थांबायाचं ऱ्हायलंय? मीच बोलावती."

मला तिथे तुझा भयंकर राग आला. देवळात, सगळ्यांसमोर, तुझ्या तेराव्याला. कप आपटून विचारायचं होतंस. माझ्या दंडाला धरून हलवायचं होतंस. वाडी तुला नावं ठेवत होती आणि तू ती ऐकून घेत होतीस, कशासाठी, तर भागूबाईला धीर यावा म्हणून? मी रोज समोर बसत होते आणि तू रोज बघत होतीस की आजही ती बोलणार नाही. असं कुणी कुणासाठी थांबतं का? आणि थांबायचंच होतं तर जायची एवढी घाई का केलीस? त्या सोमवारी तू आली असतीस तर मी धीर केला असता असं मी इथे लिहू शकते, पण ते खोटं होईल. मी तेव्हाही "काही नाही" म्हणाले असते.

अण्णांनी खिशातलं पेन दिलं. मी काकूंच्या चौकोनापासून तुमच्या चौकोनापर्यंत रेघ काढली. भिंतीवर ती मध्ये वाकडी गेली. मी म्हटलं, पट्टी मिळेल का? काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कळतंय." तुझ्या आईने त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. मला वाटलं, आता झालं, आता घरी जाता येईल.

पण तू तुझी वाडी ओळखतेस. मागून एक बाई म्हणाली, "बाई, मंग आमच्या बी रेघा आशाच सुटल्या आसतील की."

मी पेनाचं टोपण लावलं.

"माजं कुणी नाव घेतलं व्हतं का? मी ज्यांचं घेतलं न्हाई आशा कुणी?"

"आन् माजं?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. मग तिसरं कुणी. मग बरेच जण एकदम. मी वह्यांची पिशवी छातीशी धरली. त्या वह्यांत असं किती आहे हे त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. कुणी आपल्या सख्ख्या भावाचं नाव घेतलं आणि भावाने घेतलं नाही. सुनेने सासरच्या एकाही घराचं घेतलं नाही. ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे असं वाडी समजते, त्यांतल्या एकाने दुसऱ्याचं नाव पहिलं घेतलंय. तो माझ्यासमोरच बसला होता. अण्णांनी सगळ्यांना आवरलं. म्हणाले, "आज नगं. लावणी उरकू द्या वाडीची. मंग मॅडम येतील, एकेकानं शेजारी बसून आपलं आपलं इचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी "येईन" म्हटलं. हे माझ्या तोंडून निघालं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तेव्हापासून मी त्या वह्या वाचते आहे. शास्त्र म्हणतं, माहिती देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही. माणसं म्हणतात, आमचं आम्हाला सांगा. पुन्हा एखादी बाई चपला घालून निघून गेली तर? ज्याचं कुणीच नाव घेतलेलं नाही त्याला मी काय सांगू, आणि असे दोघे आहेत, विजू, मी तीनदा तपासलं. हे मी तुला विचारायला हवं होतं. तू म्हणाली असतीस, या वादात माझं म्हणणं खरं ठरलं, वाडी भीतीनेच विचारते आहे. मी म्हणाले असते, नाही, आशेने. आणि मग आपण घंटा होईपर्यंत भांडलो असतो. आता दोन्ही बाजूंनी मीच भांडते, आणि तुझ्या बाजूने बोलताना मी फारच बरी बोलते असं दिसतं.

काल रात्रीचं जेवण सोडून मी एक गोष्ट केली. वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नीटनेटक्या अक्षरात तो नियम लिहिलेला आहे: दोन्ही बाजूंनी नाव घेतलं तरच रेघ. मी तो वाचला, पुन्हा वाचला. त्या नियमाने आता तुझ्यामाझ्यात काहीच उरत नाही. मी तुझं नाव घेत राहणार, रोज, स्टाफरूममध्ये, तासाला, आणि तू माझं पुन्हा कधी घेणार नाहीस. वाडीचं काय होईल याची मला भीती आहे, पण ही भीती त्याहून मोठी होती. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले.

मग पेन घेतलं आणि तो नियम खोडला. अजून भीती वाटतेच आहे, विजू. पण तू आता कशाला थांबू नकोस. मी सांगितलं.